प्ले-ऑफच्या तोंडावर बलाढ्य संघ का हरू लागतो?

मार्च संपत आला की आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या पोट्ट्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचार-पाचपासून सुरू होतात. सकाळच्या शाळेला निघण्याआधी ही पोरं मोबाईलवर गुण पाहून घेतात आणि मैदानावर आली की विचारतात, "सर, दिवाळीपासून सगळ्यायले धुऊन काढणारी टीम आता काऊन हारून रायली?"

प्रश्न साधा आहे, पण एका वाक्यात उत्तर देण्यासारखा नाही. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या पडझडीच्या पोटात अगदी वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. कधी त्यात काळजी करण्याजोगं काहीच नसतं, तर कधी संघ खरोखर आतून पोखरलेला असतो. गुणतक्त्यात मात्र दोन्हींची नोंद पराभव अशीच होते. म्हणून नुसते पराभव मोजून काही कळत नाही. ते कशामुळे झाले हे शोधावं लागतं.

त्याआधी आपल्या सवयीबद्दल थोडं. आपल्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जातात आणि बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीने होतात. एक सामना हरला की एसटी पकडून घरी. अशा खेळात वाढलेल्या पोराला प्रत्येक पराभव म्हणजे शेवटच वाटतो, आणि त्याच्या मैदानापुरतं ते खरंही आहे. एनबीएची घडण वेगळी आहे. ३० संघ, पूर्व आणि पश्चिम असे १५-१५ चे दोन गट. ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, त्यातले साधारण अर्धे घरच्या मैदानावर आणि अर्धे बाहेर. गटातले पहिले सहा थेट प्ले-ऑफमध्ये, म्हणजे विजेतेपद ठरवणाऱ्या शेवटच्या फेऱ्यांमध्ये जातात. सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या चौघांना उरलेल्या दोन जागांसाठी प्ले-इनचे सामने खेळावे लागतात. पुढे प्रत्येक फेरीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी जास्तीत जास्त सात सामने होतात. आधी चार जिंकेल तो पुढे जातो. अशा चार फेऱ्या, म्हणजे विजेतेपदासाठी १६ विजय लागतात.

मार्चच्या मध्यापर्यंत बलाढ्य संघाची पहिल्या सहातली जागा जवळपास पक्की झालेली असते. आता उरतो तो क्रमांकाचा प्रश्न. वरचा क्रमांक असेल तर फेरीतला सातवा सामना घरच्या मैदानावर होतो, आणि हा फायदा खरा आहे. पण त्यासाठी मुख्य खेळाडूचा दुखरा गुडघा पणाला लावायचा का? प्रेक्षकाला आजचा सामना जिंकायचा असतो, प्रशिक्षकाला मात्र जूनमध्ये होणारी अंतिम फेरी दिसत असते.

बोस्टन सेल्टिक्सचा २००९-१० चा हंगाम मी पोरांना नेहमी सांगतो. संघाचे तीन खांब वयाने मोठे होते: केविन गार्नेट ३३ वर्षांचा, रे ॲलन ३४ चा, पॉल पिअर्स ३२ चा. गार्नेटच्या गुडघ्यावर हंगामाआधीच्या मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली होती. संघाने सुरुवातीच्या २८ पैकी २३ सामने जिंकले. उरलेल्या ५४ मध्ये मात्र २७ विजय आणि २७ पराभव. फेब्रुवारीत तर ते घरच्या मैदानावर न्यू जर्सी नेट्सकडून हरले, आणि नेट्सने त्या अख्ख्या हंगामात ८२ पैकी फक्त १२ सामने जिंकले होते! हे म्हातारे आता संपले, असंच तेव्हा बहुतेकांना वाटत होतं.

प्रशिक्षक डॉक रिव्हर्स यांचा हिशेब वेगळा होता. या गुडघ्यांत किती पळ उरला आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि तो त्यांना एप्रिलनंतरसाठी राखायचा होता. शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची जोडी सांभाळणारा शेतकरी पट जवळ आला की त्या बैलांना नांगराला जुंपत नाही, तसंच हे. प्ले-ऑफमध्ये चौथ्या क्रमांकाच्या बोस्टनने मायामीला ४-१ ने काढलं. मग हंगामात ६१ सामने जिंकलेल्या लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडला ४-२ ने, आणि ५९ जिंकलेल्या ऑर्लँडोलाही ४-२ ने. अंतिम फेरीत लॉस एंजेलिस लेकर्सशी सातव्या सामन्यापर्यंत झुंज झाली आणि ८३-७९ अशी ती निसटली. सहाव्या सामन्यात त्यांचा मधला खेळाडू केंड्रिक पर्किन्स याचा गुडघा गेला नसता तर काय झालं असतं, हा वाद बोस्टनमध्ये अजून चालतो.

विश्रांतीचा हा विषय आपल्या पोरांसाठी मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं वळण घेतो. तालुक्याची स्पर्धा आठवड्यावर आली की आपल्याकडे सराव दुप्पट होतो. सकाळी धावणं, दुपारी उन्हात सामना, संध्याकाळी पुन्हा धावणं. स्पर्धेच्या दिवशी पोरांच्या पिंढऱ्या दगड झालेल्या असतात. क्रीडाशास्त्राचं सांगणं नेमकं उलटं आहे: शेवटच्या दिवसांत सरावाचा वेळ कमी करायचा, पण वेग आणि जोर तसाच ठेवायचा. दीड तासाच्या जागी पाऊण तास, पण त्या पाऊण तासात पूर्ण ताकदीने. शरीर दुरुस्त होतं ते विश्रांतीत. कबड्डी असो, खो-खो असो की बास्केटबॉल, हा नियम सगळीकडे सारखा आहे.

विश्रांतीलाही किंमत मोजावी लागते हे खरं. तिकीट काढून आलेल्या माणसाला नेमका त्याचा आवडता खेळाडू बाकावर बसलेला दिसतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने मायामीविरुद्धच्या सामन्याआधी टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन यांना विमानात बसवून घरी पाठवलं, तेव्हा लीगने संघाला अडीच लाख डॉलर दंड केला. २०२३-२४ पासून तर हंगामातल्या मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी साधारणपणे किमान ६५ सामने खेळण्याची अट आली. त्यामुळे आता विश्रांती देताना प्रशिक्षकाला फार मोजूनमापून वागावं लागतं.

आता दुसरी बाजू. ही खरी दुखण्याची.

२०१३-१४ चा इंडियाना पेसर्स. आदल्या वर्षी मायामी हीटने त्यांना पूर्व गटाच्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यात हरवलं होतं, आणि तो सातवा सामना मायामीच्या मैदानावर झाला होता. ती सल मनात धरून संघाने ठरवलं की यंदा गटात पहिलाच क्रमांक घ्यायचा, म्हणजे सातवा सामना आपल्या घरी. ते सुरुवातीपासून वादळासारखे खेळले. पहिल्या ४० पैकी ३३ विजय. २ मार्चपर्यंत ४६ विजय, १३ पराभव. आणि मग उरलेल्या २३ पैकी फक्त १० जिंकले, १३ हरले. ६ एप्रिलला घरच्या मैदानावर अटलांटाविरुद्ध पहिल्या अर्ध्या डावात, म्हणजे २४ मिनिटांत, त्यांनी केवळ २३ गुण केले. एनबीएत एवढे गुण एका पाव डावातसुद्धा कमी मानतात.

इथे गार्नेटसारखं कुणी जपून ठेवलेलं नव्हतं. बहुतेक दिवस तेच पाच जण मैदानात होते आणि तेच हरत होते. कारणं एकात एक अडकलेली होती. पहिल्या क्रमांकासाठी मुख्य पाच जणांना लांब हंगामभर ताणलं गेलं होतं. फेब्रुवारीत त्यांनी डॅनी ग्रेंजर हा जुना, संघात सगळ्यांना जवळचा वाटणारा खेळाडू फिलाडेल्फियाला देऊन इव्हन टर्नरला घेतलं, पण नवा माणूस त्यांच्या खेळात बसला नाही. चेंडू हातातून हातात फिरणं कमी झालं; ज्याच्याकडे आला तो एकटाच बास्केटकडे घुसू लागला. सव्वासात फूट उंचीच्या आसपासचा रॉय हिबर्ट हा त्यांच्या बचावाचा आधार, पण त्याचा खेळ असा आटला की पुढे प्ले-ऑफमधल्या काही सामन्यांत त्याच्या नावावर एकही गुण नव्हता. संघात आपापलं पाहणारे लोक झालेत, असा नाराजीचा सूर खेळाडूंच्या तोंडून उघडपणे बाहेर आला. शेवटी प्रशिक्षक फ्रँक व्होगेल यांनी एका सामन्यात पाचही मुख्य खेळाडूंना एकदम बसवून ठेवलं. राखीव खेळाडूंनी तो सामना जिंकला, ही गोष्ट वेगळी.

पेसर्सना पहिला क्रमांक मिळाला: ५६ विजय, मायामीचे ५४. पण पहिल्या फेरीत समोर आला तोच अटलांटा, ज्याचे हंगामात जिंकलेल्यापेक्षा हरलेलेच सामने जास्त होते, ३८ विजय आणि ४४ पराभव. अटलांटाने काय केलं पाहा. त्यांचा उंच खेळाडू बास्केटखाली उभा न राहता लांब तीन गुणांच्या रेषेबाहेर जाऊन फेकी करू लागला. त्याला अडवायला हिबर्टला बास्केट सोडून बाहेर यावं लागलं, आणि मागे मोकळं रान पडलं. हंगामभर अभेद्य वाटलेला बचाव एका साध्या युक्तीने उघडा पडला. पेसर्स २-३ असे मागे पडून कसेबसे ४-३ ने सुटले. पुढे वॉशिंग्टनला ४-२ ने हरवून ते पुन्हा गटाच्या अंतिम फेरीत पोचले आणि पुन्हा मायामीकडूनच ४-२ ने हरले. म्हणजे तडा खरा होता, तरी संघ एका दिवसात कोसळला नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण मार्चमध्ये हरणारा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडणार असं धरून चालणारे लोक इथेही चुकले असते.

तिसरं कारण लोकांना सगळ्यात कमी पटतं, ते म्हणजे नुसता योगायोग. त्याचं गणित करून पाहू. समजा एखादा संघ इतका चांगला आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ७० टक्के आहे. असा संघ ८२ मध्ये साधारण ५७ सामने जिंकेल, म्हणजे खरोखर बलाढ्य. तरीसुद्धा त्याचे कुठलेही सलग दहा सामने उचलले तर त्यात पाच किंवा त्याहून कमी विजय असण्याची शक्यता सुमारे १५ टक्के निघते. कुणी जखमी नाही, कुणी भांडलेलं नाही, सगळं जागच्या जागी, तरी सहा-सात वेळांतून एकदा दहा सामन्यांचा असा टप्पा येणारच. ८२ सामन्यांच्या हंगामात तो कुठेतरी येतोच. नोव्हेंबरात आला तर कुणी लक्षात ठेवत नाही. मार्चमध्ये आला तर त्यावर चर्चा झडतात.

तीन गुणांच्या फेकीमुळे हा योगायोग आणखी वाढला आहे. रेषा बास्केटपासून ७.२४ मीटरवर, कोपऱ्यात थोडी जवळ. आजचे संघ एका सामन्यात अशा ३५ च्या वर फेकी करतात. ३६ फेकींत नेहमी १३ पडत असतील आणि एका रात्री १० पडल्या, तर ९ गुण गेले. तीन फेकींचा असा फरक अगदी रोजचा आहे. कितीतरी सामने ९ गुणांपेक्षा कमी फरकाने सुटतात. चेंडू रिंगवर आदळून आत पडला की बाहेर, यात खेळाडूच्या मनाचा शोध घेण्यासारखं दर वेळी काही नसतं.

विदर्भाच्या क्रिकेटवाल्यांनी हे जवळून पाहिलं आहे. २०२४-२५ च्या विजय हजारे करंडकात करुण नायरने विदर्भाकडून अंतिम सामन्याआधी ७५२ धावा केल्या होत्या आणि तोवर तो एकदाच बाद झाला होता. कर्नाटकविरुद्धच्या अंतिम सामन्यात तो २७ वर बाद झाला आणि विदर्भ ३६ धावांनी हरला. त्याचा खेळ बिघडला होता का? ७५२ ची सरासरी जगात कुणाचीच टिकत नाही. ती कधीतरी खाली येणारच होती. पुढे थोड्याच आठवड्यांत जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध रणजीचा अंतिम सामना झाला. त्यात त्याने ८६ आणि १३५ केल्या, आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला.

समोर कोण आहे हेही पाहावं लागतं, पण ते पटकन सांगून होतं. नव्या खेळाडूंच्या निवडीत दुबळ्या संघांना झुकतं माप मिळतं. म्हणून वसंतात काही दुबळे संघ पुढच्या वर्षी चांगला नवा खेळाडू मिळावा यासाठी तळाला राहण्यात समाधान मानतात, त्यांच्याकडून फारसा त्रास नसतो. नवव्या-दहाव्या जागेसाठी झगडणारा संघ मात्र एप्रिलचा प्रत्येक सामना अंतिम सामन्यासारखा खेळतो. जागा पक्की झालेला संघ त्याच्यासमोर हरला तर नवल नाही.

दुखापतीचं वेगळं. २०२३-२४ मध्ये मिलवॉकी बक्सचे ३० विजय आणि १३ पराभव असताना त्यांनी प्रशिक्षक एड्रियन ग्रिफिन यांना काढलं. मधले तीन सामने हंगामी प्रशिक्षकाकडे होते. नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली पुढच्या ३६ पैकी १७ जिंकले, १९ हरले. ते नवे प्रशिक्षक म्हणजे बोस्टनचे तेच डॉक रिव्हर्स. त्यामुळे काहींना आशा होती की प्ले-ऑफमध्ये हे पुन्हा पालटतील. पण ९ एप्रिलला यानिस अंतेतोकुम्पोची पिंढरी दुखावली आणि पहिल्या फेरीचा एकही सामना तो खेळू शकला नाही. बक्स इंडियानाकडून ४-२ ने हरले. २०१० मध्ये बोस्टनचे गुडघे वसंतापर्यंत बरे होत गेले होते, इथे संघाचा सर्वांत मोठा खेळाडूच निघून गेला. प्रशिक्षक तोच असून शेवट वेगळा झाला तो यामुळे.

मग घरी मोबाईलवर पाहणाऱ्या पोराने ओळखायचं कसं? मी सांगतो, आधी गुण पाहू नका, मिनिटं पाहा. सामना ४८ मिनिटांचा असतो. मुख्य खेळाडू २८ मिनिटं खेळून हरले की ३८ मिनिटं खेळून हरले, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारात प्रशिक्षक राखून खेळतोय. दुसऱ्यात तुमच्यासमोर खरा संघ आहे आणि तो हरतोय. त्यानंतर फेकी विसरून पाय पाहा: समोरच्याने चेंडू हिसकावल्यावर पाचही जण बचावाला परत पळतात का? फेक पडणं-न पडणं नशिबावर असू शकतं, परत पळणं नसतं. पेसर्सच्या त्या महिन्यात मला सगळ्यात बोलकी वाटते ती चेंडू अडकून राहण्याची सवय. पास कमी झाले की समजा, एकमेकांवरचा भरवसा कमी झालाय. तेही ठीक दिसत असेल आणि संघ चार-पाच गुणांनी हरत असेल, तर बहुधा तो योगायोगाचा काळ आहे.

प्ले-ऑफमध्ये परिस्थिती आपोआपही बदलते. हंगामात सलग दोन दिवस सामने येतात, प्ले-ऑफमध्ये सहसा मध्ये किमान एक दिवस मिळतो. प्रशिक्षक दहा-अकरा जणांऐवजी आठ-नऊ जणांवर खेळतो. वरचे सहा-सात जण भक्कम असलेल्या संघाला हे मानवतं. पण समोरचा संघही सात सामने फक्त तुमचाच कमकुवतपणा शोधत बसतो, आणि हिबर्टसारखा एखादा दुवा सापडला की त्याच्यावरच घाव घालत राहतो.

या सगळ्यात प्रशिक्षक बदलून काही होतं का, हाही पोरांचा आवडता प्रश्न. ८ एप्रिल २०२५ ला डेन्व्हर नगेट्सने हंगामाचे अवघे तीन सामने उरले असताना मायकेल मेलोन यांना काढून टाकलं, २०२३ मध्ये संघाला पहिलं विजेतेपद मिळवून देणाऱ्या माणसाला. संघ सलग चार सामने हरला होता, ४७ विजय आणि ३२ पराभव. सहायक डेव्हिड एडलमन यांच्याकडे सूत्रं आली आणि उरलेले तिन्ही सामने डेन्व्हरने जिंकले. पहिल्या फेरीत त्यांनी क्लिपर्सला ४-३ ने हरवलं. दुसऱ्या फेरीत हंगामात ६८ सामने जिंकलेल्या ओक्लाहोमा सिटीलाही सातव्या सामन्यापर्यंत ओढलं, आणि तिथे १२५-९३ असे उघडे पडले. आरन गॉर्डन त्या दिवशी मांडीचा स्नायू दुखावलेला असताना खेळत होता. माझ्या मते नव्या प्रशिक्षकाने खेळाडूंची मनं सांधली, पण मुख्य पाच जणांच्या मागे भरवशाचे राखीव खेळाडू हंगामभर कमी होते, आणि ती उणीव एप्रिलमध्ये कुणालाच भरून काढता येत नाही. ओक्लाहोमाकडे असे राखीव खेळाडू होते. त्या वर्षीचं विजेतेपदही त्यांनीच घेतलं.